उजव्या कडेचा निळा

सर, तुमची एकतीस चित्रं गेल्या आठवड्यापासून आमच्या फ्रेमच्या दुकानात आहेत. काचेच्या तावांच्या मागे, भिंतीकडे तोंड करून उभी. तुम्ही असतात तर ती इथे आलीच नसती. बदलापूरला गेली असती, त्या फ्रेमवाल्याकडे, ज्याच्या सोनेरी वेलबुट्टीच्या पट्ट्यांना तुम्ही आमच्या काउंटरवर बसून 'लग्नाच्या हॉलमधला आरसा' म्हणायचात. शेवटची दोन वर्षं तुम्हाला तो आरसाही चालला. आम्ही चाललो नाही.

तुमच्या मेघाताईने मला या चित्रांच्या प्रदर्शनाच्या पुस्तिकेसाठी एक पान लिहायला सांगितलंय. 'तू बाबांची विद्यार्थिनी ना, थोडं मनापासून लिही.' मी 'सर अतिशय मनमिळाऊ होते' असं लिहिलं आणि खोडलं. तुम्ही मनमिळाऊ नव्हतात. मग हे दुसरं लिहायला घेतलं. हे त्या पानात बसणार नाही आणि कदाचित मेघाताई ते छापणारही नाही.

तुमच्या शोकसभेला मी शेवटच्या रांगेत, पंख्याखाली बसले होते. व्यासपीठावर चार जण होते. त्यातल्या एकांनी आमच्या शाळेत वर्षानुवर्षं तुमचा चित्रकलेचा तास काढून गणिताला दिला होता. ते म्हणाले, 'सर म्हणजे निसर्गाचे पूजक, आपल्या तालुक्याचं भूषण.' दुसऱ्यांनी तुमच्या चित्रांत हिरवागार कोकण दिसतो असं सांगितलं. मला हसू आलं आणि लगेच राग आला. तुमच्या चित्रांत विजेचे टॉवर असायचे. खडी क्रशरची धूळ असायची, प्लॉटिंगच्या पाट्या असायच्या, खोपोलीला डोंगरावरून उतरणारे ते जाडजूड पाइप असायचे. त्या माणसांनी तुमचं एकही चित्र नीट पाहिलं नव्हतं. पण मी उठून तसं म्हटलं नाही. मी उठून काही म्हणणाऱ्यांतली नाही, हे तुम्हाला माहीत होतं आणि तुम्हाला त्याची चीड यायची.

आमच्या इंग्रजी शाळेत मराठी बोललं की डायरीत शेरा यायचा. फक्त तुमच्या तासाला तुम्ही दार लावून घ्यायचात आणि म्हणायचात, 'हं, आता माणसासारखं बोला.' सातवीत असताना तुम्ही आम्हाला पटांगणावर नेलंत आणि मुख्याध्यापिकाबाईंच्या पांढऱ्या गाडीसमोर उभं केलंत.

'गाडीखाली सावली आहे. कुठल्या रंगाची?'

'ब्लॅक, सर!' सगळा वर्ग.

'डोळे आहेत का शर्टाची बटणं? पुन्हा बघा.'

मी अगदी हळू 'जांभळी' म्हटलं. स्वतःशीच. तुम्ही गर्रकन वळलात. 'कोण बोललं?' मी मान खाली घातली. तुम्ही म्हणालात, 'जो कोण बोलला तो बरोबर आहे. पण बोलून लपला, म्हणून त्याला अर्धेच मार्क.'

त्या दिवसापासून मला काळी सावली दिसलेली नाही, सर. रस्त्यावर, भांड्यांखाली, अब्बांच्या बोटांमध्ये, कुठेच नाही. यासाठी तुमचे आभार मानायला हवेत, आणि मी मानते. पण हेही सांगते, की हे ज्ञान ज्याच्याबरोबर वाटून घ्यावं असं माझ्या आयुष्यात तुमच्याशिवाय कुणी नव्हतं. ते तुम्ही बंद केलंत.

तुमच्याकडे एक पुस्तक होतं, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं. फ्रान्समधल्या त्या इम्प्रेशनिस्ट चित्रकारांपैकी एकाचं. ज्यांची नावं सगळ्यांना माहीत असतात त्यांच्यातला तो नव्हता. त्याचं नाव तुम्ही दर वेळी वेगळं उच्चारायचात, आणि मी इंग्रजी शाळेतली म्हणून मला विचारायचात, 'बरोबर आहे का गं?' मलाही येत नव्हतं. शेवटी तुम्ही त्याला 'आपला मागच्या बाकावरचा' म्हणायला लागलात. तो आयुष्यभर एकाच नदीच्या काठाने फिरला. पुराचं पाणी, ओला रस्ता, पानं झडलेली झाडं. कारखान्याचं धुराडं आलं तर ते झाडाच्याच मायेने काढलेलं, आणि त्याचा धूर आकाशाच्याच गुलाबीने.

'हा मागे का राहिला, सर?' मी विचारलं होतं.

'ह्याच्या चित्रात काही घडत नाही म्हणून. लोकांना काहीतरी घडायला लागतं.' मग एका पानावर बोट ठेवून म्हणालात, 'माणसं बघ ह्याची. सगळी पाठमोरी, नाहीतर कडेला. ब्रशचे दोन फटके, झाला माणूस.'

मी वाकून पाहिलं. पुलाच्या कडेला एक बाई होती, किंवा बाई असावी असा एक करडा डाग. मला वाटलं, हिलाही नाव असेल. त्या सकाळी ती घरातून काहीतरी कामाला निघाली असेल. मी हे बोलले नाही. बोलले असते तर आपलं भांडण तेव्हाच झालं असतं आणि कदाचित तेव्हाच मिटलंही असतं.

तुम्ही त्याच्यासारखंच काम करायचात. स्टूल, पेटी, आणि प्राइमरचा पांढरा हात दिलेला जाड कागद फळीवर चिकटवलेला. पाताळगंगेच्या काठी बसलात की खोपोलीच्या वीजघरातून पाणी सुटायच्या आत चित्र संपवायचं, हा तुमचा नियम. पाणी वाढलं की नदीचा रंग बदलतो आणि मग ते दुसरं चित्र, असं म्हणायचात. घरी नेऊन एक फटकाही मारायचा नाही. उन्हाळ्यात राब भाजायला लागले की तुम्हाला वेड लागायचं. शेतात पालापाचोळा जळायचा, धूर खाली पसरायचा आणि तुम्ही खोकत खोकत त्या धुरातला निळा शोधायचात.

बी.कॉम. झाल्यावर मी दुकानात बसायला लागले. कर्जतच्या बाजारातलं फ्रेमचं दुकान म्हणजे काय असतं ते तुम्हाला ठाऊक आहे. लग्नाचे फोटो, डिग्रीची सर्टिफिकिटं, काबाशरीफ, गणपती, आणि नेरळच्या नव्या इमारतींमधून येणारे सात पळते घोडे. अब्बा पट्ट्या कापायचे, मी माउंट कापायची. चित्र आणि फ्रेम यांच्यामध्ये जाड पुठ्ठ्याची जी चौकट असते, ती. ती चित्रावर टेकायला हवी, म्हणून चारही बाजूंनी पाव इंच चित्र तिच्याखाली जातं. प्रत्येक फ्रेमवाला हेच करतो. तुम्हाला तो पाव इंच सहन व्हायचा नाही, कारण तुम्हाला हवं ते सगळं तुम्ही कडेलाच ठेवायचात. अर्धा टॉवर. पाटीचा कोपरा.

'म्हशीची शेपटी कुठाय?'

'माउंटखाली, सर.'

'म्हशीला विचारलंस?'

अब्बा करवत थांबवून हसायचे. 'सर, तुमी म्हशीला जरा आत घ्या ना. अख्खी जागा रिकामी हाय मधी.'

'इक्बालभाई, मधे जागा असते म्हणून कुणी मधे उभं राहतं का? तुमची पोरगीच बघा. दुकानात एवढी जागा, पण उभी कुठे राहते? दारामागे.'

तेव्हा मीही हसले होते. तेव्हा मला वाटायचं, तुम्ही मला पाहता.

मग वही. आठ महिने मी एका वहीत चित्रं काढत होते. दुकानातून दिसणारा रस्ता, समोरच्या बोहऱ्याच्या दुकानातल्या बादल्या, अब्बांचे हात. ती तुमच्यापुढे ठेवायला मला तीन आठवडे लागले. तुम्ही चहा येईपर्यंत ती चाळलीत. 'हं,' म्हणालात. 'हात स्वच्छ आहे. कापायच्या कामाचा.' चहा आला तेव्हा काउंटरवर फ्रेमच्या पट्ट्या पसरल्या होत्या. तुम्ही ग्लास वहीवर ठेवलात.

मी ग्लास उचलून वही पुसली. तुमचं लक्षही नव्हतं, हे मला माहीत आहे. मला तेच लागलं.

आता त्या चित्राबद्दल. ज्यावरून सगळं झालं, आणि ज्याबद्दलचं खरं तुम्हाला कधीच कळलं नाही.

थंडीचे दिवस होते. चौक गावाच्या पुढे एका डॉक्टरीणबाईंनी नदीकाठी बंगला बांधला होता. तिथे आरशाचं माप घ्यायला अब्बा आणि मी स्कूटरवरून गेलो होतो. बंगल्याच्या खाली, करंजाच्या झाडाजवळ तुम्ही बसला होतात. भात निघून गेलं होतं आणि सगळ्या खाचरांत वाल उगवला होता. हिरवा इतका, की डोळ्यांत जायचा. अब्बा तुमच्याशी बोलायला खाली उतरले. मी वर बांधावरच थांबले. माझी निळी ओढणी होती. दहा-पंधरा मिनिटं मी तिथे उभी होते, नदीकडे बघत. तुम्ही चित्र काढताना मागे कुणी उभं राहिलेलं तुम्हाला आवडत नाही, म्हणून लांब. मी तुमच्या समोरच्या बाजूला आहे हे माझ्या लक्षात आलं नाही.

दोन दिवसांनी तुम्ही ते चित्र घेऊन दुकानात आलात. बाईंनी ते तिथेच, बंगल्याच्या गच्चीवरून बघून मागून घेतलं होतं. नदी, वाल, डावीकडे आंब्याचं झाड, लांब डोंगराखाली पाइपांच्या रेघा. आणि अगदी उजव्या कडेला, कागद संपतो तिथे, एक निळी आकृती. जाड रंगाची, सुरीने थापल्यासारखी. चेहरा नव्हता.

'सर, ही मी आहे का?'

'कुठे? ती? नाही गं.' तुम्ही चष्मा वर केलात. 'तो निळा आहे. डावीकडून एवढा हिरवा धावत येतोय, त्याला कुठेतरी थांबवायला नको? नाहीतर फ्रेमबाहेर पळेल.'

'ओढणी माझी आहे.'

'असेल. त्या वेळेला तिथे निळा होता, एवढंच मला माहीत.' आणि अब्बांना म्हणालात, 'महिनाभर हात लावू नका ह्याला. निळा जाड आहे, वाळायला वेळ घेईल.'

सर, मी तुमची फार दिवसांची विद्यार्थिनी होते. काउंटरच्या अलीकडे मी आणि पलीकडे तुम्ही, अशी कितीतरी वर्षं गेली होती. एवढ्या लांबून चेहरा दिसत नाही, हे मान्य. दोन फुटांवरूनही तुम्हाला दिसला नाही.

पंधरा दिवसांनी बाईंचा फोन आला. वास्तुशांत ठरली होती, चित्र हवंच होतं. अब्बा म्हणाले, 'लावून टाक, काय होत नाय.' मी बोट लावून पाहिलं. बोटाला निळा लागला. मी तरीही माउंट कापायला घेतला. नेहमीचा पाव इंच नाही कापला. उजवीकडे दोन इंच आत घेतला. एकाच बाजूला रुंद दिसला असता, म्हणून डावीकडेही तेवढाच. अर्धा आंबा गेला, आणि मी गेले. वरून काच ठेवली, दाबली, मागून हार्डबोर्ड लावून खिळे मारले. माझा हात स्वच्छ आहे. कापायच्या कामाचा.

तुम्हाला वाटलं, मी लाजून झाकलं. अब्बांना वाटलं, आपली मुलगी कुणाच्या दिवाणखान्यात नको म्हणून झाकलं, आणि ते मनातून खूशच झाले असावेत. दोन्ही खोटं. कुणाचा तरी हिरवा थांबवायला मला उभं राहायचं नव्हतं, एवढंच.

वास्तुशांतीहून तुम्ही तडक दुकानात आलात. रविवार होता, गिऱ्हाइकं होती. माझ्याकडे बघितलंही नाहीत.

'इक्बालभाई, तुमच्या पोरीने माझं चित्र कापलं!'

'कापला नाय सर, माउंट हाय तो. काय झालं, बसा तर खरं.'

'बसत नाही. माणूस झाकलाय तिनं! त्या चित्रात एकच माणूस होता, एकच, आणि तो झाकून टाकला. विचारा तिला का.'

अब्बांनी मला विचारलं नाही. त्यांनी हात जोडले. 'चूक झाली सर, पोर हाय. आमी काढून देतो.' माझ्या वडिलांना मी आयुष्यात दोनदाच हात जोडताना पाहिलंय आणि त्यातली एक वेळ ही. तुम्ही म्हणालात, 'उद्या चित्र घेऊन येतो, माझ्यासमोर माउंट काढायचा.' मी पट्ट्या आवरत राहिले.

माणूस म्हणालात, सर. मला निळा म्हणालात आणि अब्बांना माणूस. मी तेव्हा तिथल्या तिथे विचारायला हवं होतं, की यातलं खरं कुठलं? चार गिऱ्हाइकांसमोर. पण मी पट्ट्यांवरून मान वर केली नाही. आणि खरं सांगायचं तर मला भीतीही वाटत होती. माउंट काढला तर काय होणार, ते मला माहीत होतं. ओल्या जाड रंगावर मी पुठ्ठा दाबला होता.

बाईंनी चित्र परत दिलं नाही. त्यांना ते तसंच आवडलं होतं, 'शांत वाटतं' म्हणाल्या. तुम्ही पुन्हा आला नाहीत. अब्बा दोनदा भिसेगावला तुमच्या घरी आले, ईदची शिरखुर्म्याची बरणी घेऊन. तुम्ही ती घेतलीत, चहा दिलात, दुकानाचा विषय काढला नाहीत. परत येऊन अब्बा म्हणायचे, 'तू एकदा जा गं. दोन शब्द बोल. मान्साचा राग किती दिस ऱ्हातो?' मी गेले नाही. मागच्या दिवाळीच्या आधी तुम्ही भिसेगावच्या रस्त्यावर समोरून येताना दिसलात. खांद्यावर स्टूल होतं, बारीक झाला होतात. तुम्ही थांबलात. मी मोबाईल काढून त्यात बघत रस्ता ओलांडला.

तुम्ही गेल्याचं मला शाळेतल्या एका मैत्रिणीच्या स्टेटसवरून कळलं. तुमचा फोटो, खाली दोन जोडलेले हात, आणि लगेच पुढच्या स्टेटसला तिच्या मुलाचा वाढदिवस.

मग मेघाताई पुण्याहून आली आणि गाडीच्या मागच्या सीटवरून एकतीस चित्रं उतरवून आमच्या काउंटरवर ठेवली. 'बाबा म्हणायचे, फ्रेम करायची तर इक्बालभाईंच्या नाझियाकडूनच.' मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. तुम्ही असं म्हणाला असाल? का ती सगळ्यांशीच असं चांगलं बोलते? तिला विचारण्याची माझी हिंमत झाली नाही. दोन्ही उत्तरांनी त्रासच झाला असता.

त्या एकतीसपैकी वीस जुनी, कागदाच्या अगदी कडेपर्यंत रंगवलेली. शेवटच्या अकरांना चारही बाजूंनी दोन इंच कोरा कागद सोडलेला. पेन्सिलीने, पट्टी लावून आखलेला. तुम्ही! पट्टी शिंप्याने वापरावी म्हणणारे. मी एकेक चित्र उजेडात धरून पाहिलं. त्या चौकटीच्या आत नदी आहे, राबाचा धूर आहे, टॉवरही आहेत, पण सगळे अंग चोरून मधे आलेले. कडेला काही नाही. माणूस तर एकाही चित्रात नाही.

मेघाताई म्हणाली, 'हात कापायला लागला होता बाबांचा. मोठं झेपायचं नाही, म्हणून लहान काढायचे.' असेल. किंवा बदलापूरच्या माणसाने सांगितलं असेल, काका, कडा सोडत चला. किंवा तुम्ही दर वेळी पट्टी लावताना माझ्या नावाने दात खाल्ले असतील. मला कळायला मार्ग नाही. अकरा चित्रांत तुम्ही बरोबर दोन इंच सोडलेत, एवढंच मला मोजता येतं. मी रागाच्या भरात एक चित्र झाकलं, त्याची एवढी मोठी शिक्षा तुम्ही तुमच्याच चित्रांना का दिलीत? ती अकरा चित्रं भित्री आहेत, सर. तुम्ही आयुष्यात भित्रं चित्र काढलं नव्हतं.

काल ते डॉक्टरीणबाईंकडचं चित्रही आलं. मेघाताईला ते मधल्या भिंतीवर लावायचंय, पूर्ण, माउंट न लावता. कारण त्याच्याबद्दल तुम्ही घरी खूप बोलायचात म्हणे. काय बोलायचात, ते तिने सांगितलं नाही.

ती समोर स्टुलावर बसली होती. अब्बा करवतीपाशी होते. मी फ्रेम उलटी ठेवून खिळे काढले, हार्डबोर्ड काढला, काच वेगळी केली. माउंटच्या तीन बाजू सहज सुटल्या. उजवी सुटेना. पातळ पातं सरकवून बघितलं, गरम कापड ठेवून बघितलं. मग सावकाश उचलला. एक बारीक आवाज आला, जखमेवरची पट्टी निघावी तसा.

कागदावर निळ्याच्या जागी पांढरा प्राइमर उघडा पडला होता, लांबट, माणसाच्या आकाराचा, पण बोटभर. आणि माउंटच्या मागच्या बाजूला, पुठ्ठ्याला चिकटून, उलटी झालेली निळी आकृती.

मेघाताई अजून फोनमध्ये बघत होती. अब्बा जवळ आले, बघितलं, आणि माझ्या कानाशी हळूच म्हणाले, 'थोडा निळा लाव. कोनाला कळतंय? तुला येतंय.'

मला येतं. तुमचा निळा ट्यूबमधला नसायचा, त्यात तुम्ही थोडा लाल आणि बराच पांढरा घालायचात, हे मला डोळे मिटूनही माहीत आहे. रंग माझ्या खणात होते. मेघाताईला 'उद्या या' म्हटलं असतं तर झालं असतं. आणि माझी मी, माझ्या हाताने, तुमच्या चित्रात उभी राहिले असते. तुमच्या सहीच्या वर. तुम्हाला काही करता आलं नसतं.

मी पाच मिनिटं तरी तो विचार करत होते, सर. हे तुमच्यापासून लपवत नाही.

मग मी म्हटलं, 'मेघाताई, इकडे बघ.'

ती आली. दोन्ही बघितलं, चित्र आणि पुठ्ठा. 'हे काय झालं?'

'रंग ओला होता. मी वरून माउंट दाबला. मुद्दाम दोन इंच आत घेतला होता.'

'मुद्दाम?'

'हो.'

'म्हणजे बाबा दोन वर्षं जे म्हणत होते ते हेच? एकदा काढून बघू दे, एकदा काढून बघू दे म्हणत होते. आणि तुला माहीत होतं, की खाली काही राहिलं नसेल?'

'हो.'

'एकदा येऊन सांगायचंस तरी.'

अब्बा मधे पडले. 'ताई, बसा, चा सांगतो, पोरीचं चुकलं...' मी अब्बांचे हात धरून खाली केले. ते जोडायच्या आतच.

'कोण होतं तिथे उभं?' मेघाताईने विचारलं.

'मी.'

ती माझ्याकडे बघत राहिली. कधी कुणी माझ्याकडे इतका वेळ बघितलं नव्हतं. मला दारामागे जावंसं वाटलं. मी गेले नाही. ती चहा न घेता निघून गेली.

आज सकाळी तिचा फोन आला. आवाज कोरडा होता. 'चित्र लागेल. मधल्या भिंतीवरच. जसं आहे तसं, रंग भरायचा नाही. आणि खाली पाटीवर लिहायचं, तिथे काय होतं आणि कुणी घालवलं. नाव घालून. तूच लिही.'

'बरं,' म्हटलं मी. ती बरोबर आहे. मी तिच्या जागी असते तर मीही हेच सांगितलं असतं, बहुतेक याहून वाईट आवाजात.

दुपारपासून ती पाटी लिहीत बसले आहे. त्या अकरा चित्रांचे माउंट सकाळीच कापून झाले. मी खिडकी मोठी कापली, म्हणजे तुम्ही सोडलेला कोरा कागद दिसेल, पेन्सिलीच्या रेघेसकट, तुमच्या अंगठ्याच्या ठशांसकट. लोकांना ते अर्धवट वाटेल. वाटू दे. माउंटने झाकायला तुम्ही माझ्यासाठी जागा सोडली असेल, तर मी ती वापरत नाही.

पाटीवर आधी लिहिलं, 'उजव्या कडेचा निळा रंग फ्रेम करताना निघाला.' तुमच्या म्हणण्याप्रमाणे हेच बरोबर आहे. ते वाचून बघितलं. रंग निघाला तर कुणाला काय, भिंतीचाही निघतो. मग 'आकृती' लिहिलं. ते तुमच्या शोकसभेच्या व्यासपीठावरच्या लोकांसारखं वाटलं. 'माणूस' हा तुमचा शब्द. तो तुम्ही अब्बांना दिलात, मला नाही, म्हणून तो मी घेतला नाही.

शेवटी लिहिलं ते असं: 'या चित्रात उजव्या कडेला बांधावर एक मुलगी उभी होती. फ्रेम करताना ती निघून गेली. चूक फ्रेम करणारीची. — नाझिया.'

अब्बांनी वाचलं आणि पाटीला चार खिळे काढून दिले.

तुमचं यावर काही म्हणणं असणार. 'मुलगी कसली, निळा होता' म्हणाला असतात, चष्मा वर करून. मला ते ऐकायचं होतं, सर. ऐकून या वेळी भांडायचं होतं, मोठ्याने, गिऱ्हाइकांसमोर. ती वेळ तुम्ही ठेवली नाहीत आणि मीही ठेवली नाही. आता शब्द मी एकटीने ठरवलाय, आणि तो परवा भिंतीवर लागेल.